बोनेटवरचा तळहात

गाडीत बसलेल्या माणसाला खालचा रस्ता कळू नये, याची व्यवस्था करणं हा माझा धंदा. तीस वर्षं चंद्रपुरात मी हेच केलं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत या धंद्याला मरण नाही. कोळशाचे आणि खनिजाचे ट्रक रस्ते खातात, रस्ते गाड्यांचे शॉकअप खातात, आणि शॉकअपवर आम्ही खातो. पण जो माणूस रस्ता बांधतो त्यालाच तो कळू नये, अशी व्यवस्था एकदा मी माझ्या हातांनी केली, आणि ती तिसऱ्याच माणसाला भोवली. तेवढंच सांगायचं आहे. बाकी माझ्या नोकरीत दिवाळी अंकाची पानं अडवावीत असं काही घडलं नाही.

शॉकअप म्हणजे पुस्तकातला शॉक अॅब्झॉर्बर. बहुतेकांना वाटतं, गाडीचं वजन तोच पेलतो. नाही. वजन पेलते स्प्रिंग. स्प्रिंगचा स्वभाव नाचरा. खड्ड्यात दबली की वर येते, पुन्हा दबते, पुन्हा वर येते, आणि कुणी आवरलं नाही तर पुढच्या गावापर्यंत तिचा नाच चालू राहतो. तिला आवरतो तो शॉकअप. तेलाने भरलेली नळी, आत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. चाक उसळलं की दट्ट्या सरकतो, तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि तेवढ्यात नाच जिरतो. भोकं बारीक तर गाडी कडक, रस्त्याला चिकटून चालणारी. भोकं मोठी तर गाडी मऊ, पाळण्यासारखी. दोन्ही एकदम मिळत नाही. शंभर वर्षं गाड्या बनवणाऱ्यांनी यातलं काहीतरी एक निवडलं आणि गिऱ्हाइकांनी ते निमूट मान्य केलं.

शॉकअप जिवंत आहे की मेला, हे पाहायला यंत्र लागत नाही. गाडीच्या कोपऱ्यावर तळहात ठेवायचा, अंगाचं वजन टाकून दाबायचं आणि सोडून द्यायचं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. पुन्हा खाली-वर झाली तर शॉकअप गेला. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांचा नियम होता, चारही कोपरे दाबल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. मेकॅनिकांच्या आमच्या अख्ख्या गल्लीत हा नियम पाळला जायचा. ड्रायव्हर शेजारी उभा राहून बघायचा. चौथा कोपरा दाबून झाला की तो किल्लीसाठी हात पुढे करायचा. तीच आमची पावती.

पुढे मी नागपूर रस्त्यावरच्या एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये फोरमन झालो. तिथे कोपरे दाबायची पद्धत नव्हती; जुन्या ओळखीच्या ड्रायव्हरसमोर मी मात्र दाबायचो. तिथे गाडी देताना रेशमी कापड ओढायचे, नारळ फोडायचे आणि मालकाच्या हातात दरवाजाएवढी पुठ्ठ्याची किल्ली देऊन फोटो काढायचे. खरी किल्ली तोवर ड्रायव्हरच्या खिशात असायची.

त्या शोरूममधल्या सगळ्यात महागड्या गाडीत विजेवर चालणारे शॉकअप होते. वस्तू खरोखर सुंदर आहे, हे मी आजही म्हणेन. दट्ट्याच्या भोकांवर विजेची एक झडप बसवलेली. चाकाजवळ आणि गाडीच्या अंगावर हालचाल मापणारे सेन्सर. त्यांच्या बातम्या एका डब्यात जातात, आणि तो डबा सेकंदाला कितीतरी वेळा ठरवतो की कोणत्या चाकाची झडप किती उघडायची. खड्डा आला की मऊ, वळण आलं की कडक. शंभर वर्षं जे एकदम मिळत नव्हतं ते त्या झडपेने मिळवून दिलं. पहिल्यांदा उघडून बघितली तेव्हा मी जेवणाची सुट्टी विसरलो होतो.

पण झडप दिसत नाही, म्हणून कंपनीने बटण दिलं. बटणावर तीन शब्द: कम्फर्ट, नॉर्मल, स्पोर्ट. आणि झडपेपेक्षा बटणच मोठं झालं.

नागभीडचे एक राइस मिलवाले आमचे गिऱ्हाईक होते. त्यांची तक्रार अशी की स्पोर्टमध्ये गाडी पुरेशी स्पोर्ट वाटत नाही. मी मशीन लावून तपासलं, काही दोष नव्हता. तसं सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. मग मी गाडी आत नेली, चाकांत थोडी हवा वाढवली, अर्धा तास उभी ठेवली आणि परत दिली. शेठ एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "आता झाली पाह्य गाडी! मेश्रामभाऊ, तुमचा हात लागला का फरक पडतेच." त्या दिवशी मी खूप हसलो. माणसाला पडद्यावर जे दिसतं ते त्याच्या बुडालाही जाणवायला लागतं, ही मला गंमत वाटली. ती गंमत नव्हती, हे नंतर कळलं.

आता त्या तिसऱ्या माणसाविषयी. रफिकभाई. चंद्रपूरचाच, बाप टांगा चालवायचा. हा एका रस्ते-कंत्राटदाराकडे बावीस वर्षं ड्रायव्हर. बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. बोलणं मोजकं, पण गाडीबद्दल बोलायला लागला की डॉक्टरने रोग्याबद्दल बोलावं तसा बोलायचा. कंत्राटदाराने ती महागडी गाडी घेतली तेव्हा पुठ्ठ्याची किल्ली कंत्राटदाराने धरली आणि फोटोत रफिकभाईचा फक्त कोपर आला. महिन्याभराने तो मला म्हणाला, "भाऊ, गाडी अशी हाये का साहेब एटापल्लीपर्यंत झोपून जाते. त्याइनं बांधलेला रस्ता त्याइले मालूमच पडत नाई."

तो हे हसत म्हणाला होता. मला मात्र तेव्हाच कुठेतरी खटकलं. एके काळी जीपमधून हिंडणाऱ्या कंत्राटदाराच्या कंबरेला निदान स्वतःचं काम कळायचं.

दोन उन्हाळ्यांत त्या गाडीचे शॉकअप गेले. आमच्याकडचं ऊन, त्यात लाल धूळ आणि खनिजाची भुकटी. तेलाचं सील कापलं गेलं आणि चारही नळ्या पाझरायला लागल्या. पडद्यावर पिवळा दिवा आला. नवे शॉकअप परदेशातून यायचे होते, दीड-दोन महिने लागणार होते. आणि आठच दिवसांनी आलापल्लीकडून एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका टप्प्याचं लोकार्पण होतं. रस्ता याच कंत्राटदाराने केलेला. नागपूरहून कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि ते याच गाडीत बसणार होते.

आमचे मॅनेजर नवीन होते, सूटबूट घालून अठ्ठेचाळीस डिग्रीत वावरणारे. म्हणाले, "मेश्रामजी, आपल्याला कस्टमरला नाराज करून चालणार नाही. काहीतरी मार्ग काढा."

मी म्हणालो, "मार्ग एकच. गाडी उभी ठेवायची."

"दुसरा सांगा."

दुसरा त्यांनीच शोधून ठेवला होता. याच गाडीचं एक खालचं मॉडेल येतं, हलक्या इंजिनाचं, साध्या शॉकअपचं. भंगारातल्या तशा एका गाडीचे चार जुने शॉकअप त्यांनी मागवले होते. ते बसतात. मापात काहीच फरक नाही. फरक असतो तो आतल्या भोकांत; हलक्या गाडीची भोकं मोठी असतात.

"आणि दिव्याचं काय?" मी विचारलं.

"तो तुम्ही बघाल ना."

दिव्याचं मला ठाऊक होतं. डबा झडपेकडे वीज पाठवतो आणि समोरून ठराविक अडथळा मिळाला की समजतो, झडप जागेवर आहे. झडपेच्या जागी तेवढ्याच अडथळ्याचा एक रेझिस्टर जोडला, बोटाच्या पेराएवढा, की डबा फसतो. दिवा विझतो. बटण दाबलं की पडद्यावर स्पोर्ट येतं, कम्फर्ट येतं. खाली काहीही होत नाही.

मी चार रेझिस्टर जोडले. काळी टेप गुंडाळली. इतक्या सफाईने जोडले की कंपनीच्या माणसालाही सापडू नयेत. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीटनेटकं काम म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येईल. जॉबकार्डावर मॅनेजरने सांगितल्याप्रमाणे लिहिलं: चारही शॉकअप नवे बसवले, यंत्रणा ठीक. खाली सही केली.

रफिकभाई गाडी न्यायला आला. गाडीशेजारी उभा राहिला, सवयीने. मी कोपरे दाबले नाहीत. दाबले असते तर गाडी नाचली असती आणि त्याने ती बघितली असती. मी घाईत असल्यासारखं केलं आणि किल्ली दिली. तो क्षणभर थांबला, मग गेला.

दोन दिवसांनी परत आला. "भाऊ, गाडी पोहून राह्यली."

"म्हणजे?"

"म्हणजे रस्त्यावर बसतच नाई. चढावावरून उतरली का हवेत राह्यते. साहेबाले सांगतलं मी."

"काय म्हणाले?"

"म्हणते, पडदा तर स्पोर्ट दाखवून राह्यला, तुलेच काऊन तकलीफ होते? त्याइले तर पहिल्यापेक्षा मस्त वाटून राह्यली."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी एवढंच म्हणालो, "नवे आहेत, बसायला वेळ लागतो. तोवर साठच्या वर नेऊ नको." अर्धं खोटं आणि अर्धा सल्ला. तो मान हलवून गेला. माझ्या शब्दावर.

लोकार्पणाच्या दिवशी फीत कापली गेली, भाषणं झाली. परतताना मागच्या सीटवर पाहुणे आणि कंत्राटदार. दुपारचे तीन. पुढचं मला रफिकभाईकडून कळलं. पाहुण्यांनी गाडीची स्तुती केली. कंत्राटदाराने पुढे वाकून बटण दाबलं, पडद्यावर लाल अक्षरं उमटली. मग म्हणाला, "रफिक, दाखव जरा साहेबाले, गाडी काय चीज हाये ते."

"साहेब, पुढं मोरी हाये."

"अबे, रस्ता मी बांधला. मले सांगतं? दाब!"

त्याने दाबलं. बावीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं तो म्हणतो, तर दाबलं. मोरीच्या, म्हणजे ओढ्यावरच्या त्या छोट्या पुलाच्या, अलीकडे नवा कोरा रस्ता पावसाआधीच खचला होता, त्याची एक लांबट लाट झाली होती. गाडी त्या लाटेत उतरली, वर आली आणि खाली बसलीच नाही. लगेच वळण. तिथे चाकं रस्त्याला धरून असायला हवी होती. गाडी फिरली आणि मोहाच्या झाडावर गेली.

एअरबॅगचे फुगे उघडले, जीव वाचले. पाहुण्यांच्या गळ्याचं हाड मोडलं. कंत्राटदाराला खरचटलं. रफिकभाईच्या डाव्या मनगटाचा चुरा झाला. संध्याकाळपर्यंत एक वाक्य सगळीकडे पोहोचलं होतं: ड्रायव्हरला डुलकी लागली. जबाबात तेच, बातमीत तेच. गाडी जगातल्या उत्तमांपैकी, रस्ता नुकताच लोकार्पण झालेला, मालक प्रतिष्ठित. उरला कोण? या देशात गाडी बनवणारा, विकणारा, रस्ता बांधणारा आणि मागे बसणारा यांना कधीच झोप येत नाही. झोप फक्त ड्रायव्हरला येते.

त्याची नोकरी गेली, गुन्हा दाखल झाला, लायसन जप्त झालं. ते रद्द झालं तर पुन्हा कुणी त्याच्या हाती गाडी देणार नव्हतं, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं.

मी चार दिवस गप्प बसलो. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मेश्रामजी, कार्डावर तुमची सही आहे, तेवढं लक्षात असू द्या." मी म्हणालो, "आहे लक्षात." आणि चहा प्यालो. त्या चहाची मला अजून चीड येते. त्यांच्यापेक्षा माझी जास्त.

पाचव्या दिवशी रफिकभाई घरी आला. हात प्लास्टरमध्ये. माझ्या पत्नीने पाणी दिलं, तो तसाच ग्लास धरून बसला. मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होतो.

तो म्हणाला, "भाऊ, एकच गोष्ट पुसाले आलो. तुम्ही गाडीतले जाणकार. माझं काय चुकलं असन?"

"तुझं?"

"सगळे म्हणून राह्यले डोळा लागला. मी म्हणतो नाई. एसी तोंडावर मारून राह्यला, साहेब मागून बोलून राह्यले, मी कायले झोपतो? पण आता चार दिवसांपासून मलेच वाटून राह्यलं, का लागला असन एखाद सेकंद. गाडी तर चांगली होती. नवे शॉकअप होते. मंग माझंच काहीतरी असन ना?"

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. हातातलं स्टिअरिंग काय सांगतं यावर त्या माणसाने बावीस वर्षं विश्वास ठेवला होता, आणि पोटापाण्यासोबत आम्ही आता तो विश्वासही काढून घेतला होता. त्याचा हात खरं सांगत होता, आणि पडद्याने, जॉबकार्डाने, माझ्या तोंडाने मिळून त्या हाताला खोटं ठरवलं होतं.

मी सगळं सांगितलं. भंगारातले शॉकअप, रेझिस्टर, टेप, सही.

त्याने प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे डोळा नाई लागला."

"नाही लागला."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. दारात वळून विचारलं, "त्या दिवशी कोपरे दाबले होते का भाऊ तुम्ही?"

"नाही."

"मले वाटलंच." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी लेखी जबाब दिला. गाडी तपासायला परिवहन खात्याच्या एक निरीक्षक आल्या होत्या. गाडी एका आवारात उभी होती, पुढचा भाग चेपलेला, मागचा धड. मॅनेजर जॉबकार्डाची प्रत घेऊन हजर होते. बॅटरी मागे डिकीत असल्यामुळे वाचली होती. बाईंनी किल्ली फिरवली. तडकलेल्या पडद्यावर ठळक अक्षरांत आलं: स्पोर्ट.

"बघा, सिस्टीम पूर्ण चालू आहे," मॅनेजर म्हणाले.

मी म्हणालो, "मॅडम, जरा इकडे या." मागच्या उजव्या कोपऱ्यावर तळहात ठेवला, दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली, आणि आणखी एकदा. तीनदा मान हलवली तिने. मग मी चाकाच्या आत हात घालून टेप सोडवली आणि रेझिस्टर बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला.

"कुणी बसवला हा?"

"मी."

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, यांनी परस्पर..." बाईंनी हात वर केला आणि लिहायला लागल्या.

रफिकभाईचं लायसन परत मिळालं. तेवढं झालं. माझी नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. पुढच्या कागदांत 'ड्रायव्हरची डुलकी' खोडून 'तांत्रिक बिघाड' लिहिलं गेलं. हा शब्द फार सोयीचा. बिघाड आपोआप होतो, त्याला आईबाप नसतात. मॅनेजर नागपूरच्या मोठ्या शाखेत गेले. कंत्राटदाराने त्याच गाडीचं पुढचं मॉडेल घेतलं, तिला पाच बटणं आहेत. ड्रायव्हर तपासला, त्याचं रक्त तपासलं, गाडी तपासली. ती लाट मात्र कुणी तपासली नाही. मोरीच्या अलीकडे ती अजून आहे. मी मुद्दाम जाऊन पाहून आलो.

आता माझं घराजवळ छोटं दुकान आहे, फक्त शॉकअपचं. रफिकभाई राजुऱ्याच्या एका शाळेची व्हॅन चालवतो. व्हॅन जुनी, साधी, बटण फक्त हॉर्नचं. दर तीन-चार महिन्यांनी काम करायला माझ्याकडेच आणतो; वाटेत दुसरी दुकानं असूनही. येतो, बसतो, चहा घेतो, मुलांच्या गमती सांगतो. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही.

काम झालं की मी चारही कोपरे दाबतो, त्याच्यासमोर, एकही न चुकवता. गाडी एकदाच वर येते आणि थांबते. मी किल्ली पुढे करतो.

तो घेत नाही. आधी उठतो. डावं मनगट आता वाकत नाही, म्हणून उजवा तळहात ठेवतो आणि स्वतः दाबतो, एकेक कोपरा. चौथा झाला की किल्लीसाठी हात पुढे करतो. तोवर मी ती हातात धरून उभा असतो.